मोजणीच्या साखळीमागून : जॉर्जिया ते ओक्लाहोमा

पहिला दिवस, शनिवार : न्यू एकोटा

सकाळी साडेसातला अटलांटाहून निघालो. गाडी मुलगी चालवत होती. माझ्या मांडीवर वही होती आणि तिने छापून आणलेल्या जुन्या कागदांचा गठ्ठा. मी भूमी अभिलेख खात्यात पस्तीस वर्षं भूकरमापक होतो, त्यामुळे तिच्याकडे आलो की ती मला कुठला ना कुठला नकाशा काढून दाखवतेच. या खेपेला दाखवला तो जॉर्जियाचा १८३२च्या जमीन लॉटरीचा. डोंगर, ओढे, वाड्या कशाचाही मुलाहिजा न ठेवता मारलेल्या सरळ रेघा, त्यांतून पडलेले हजारो चौकोन आणि प्रत्येकात एक नंबर. "बाबा, तिथे राहणाऱ्यांचं नाव एकाही चौकोनात नाहीये," ती म्हणाली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात आठवड्याची रजा टाकली. चेरोकी म्हणजे या भागातले मूळ रहिवासी; त्यांना १८३८-३९ मध्ये ज्या वाटेने पश्चिमेला घालवून दिलं, त्या वाटेने गाडीतून जायचं असं ठरलं.

कॅलहून गावाजवळ दोन नद्या मिळतात, कूसावाटी आणि कोनासॉगा. त्या संगमालगत न्यू एकोटा आहे, १८२५ पासूनची चेरोकी राष्ट्राची राजधानी. आज तिथे मोकळं गवत आहे, ओक आणि पाइनची झाडं आहेत आणि मधूनमधून पुन्हा उभारलेल्या लाकडी इमारती. फिरताना एका माहितीफलकापुढे मी थबकलो. चेरोकींच्या मंडळाने गाव वसवताना एकेक एकराचे शंभर तुकडे आखले होते आणि मध्ये दोन एकरांचा चौक सोडला होता. म्हणजे साखळी त्यांनीही धरली होती. पण त्यांच्या १८२७च्या राज्यघटनेत पहिल्याच कलमात लिहिलंय की जमीन सगळ्या राष्ट्राच्या सामाईक मालकीची; माणसाचं स्वतःचं ते काय, तर त्यावर त्याने केलेली सुधारणा : घर, शेत, कुंपण, झाडं. ती विकता येत होती, पण त्याखालची माती परक्याला विकता येत नव्हती.

छापखान्याच्या खोलीत आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. १८२१ साली सिक्वोया नावाच्या माणसाने, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, वर्षानुवर्षं खपून चेरोकी भाषेची लिपी तयार केली. इंग्रजीसारखी सुटी अक्षरं जोडत बसायचं काम नाही. एक खूण म्हणजे एक पूर्ण उच्चार. आपल्या बाराखडीत क, का, कि, की असतं, तसंच. फक्त प्रत्येकाला काना-मात्रेऐवजी अगदी वेगळी खूण. पंच्याऐंशीच्या आसपास खुणा. भाषा बोलता येत असली की थोड्याच दिवसांत वाचता येऊ लागायचं, आणि बघता बघता लिपी घराघरांत पसरली. त्या लिपीचे छपाईचे खिळे बोस्टनमध्ये पाडून घेतले, समुद्रमार्गे आणि मग बैलगाड्यांनी इथे आणले, आणि २१ फेब्रुवारी १८२८ला 'चेरोकी फीनिक्स' या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. एका स्तंभात इंग्रजी, शेजारी चेरोकी. संपादक होते इलायस बूडिनॉट. १९५४च्या उत्खननात छापखान्याच्या जागी जुने खिळे सापडले. काचेखाली ठेवलेले ते शिशाचे तुकडे तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे दिसतात. मुलगी बराच वेळ वाकून त्यांच्याकडे पाहत राहिली.

मग लॉटरी. १८०२ साली जॉर्जियाने पश्चिमेकडचा आपला दावा केंद्र सरकारला सोडला, त्या बदल्यात केंद्राने कबूल केलं की जॉर्जियातल्या मूळ रहिवाशांचे जमिनीवरचे हक्क आम्ही संपवून देऊ. चेरोकींना कुणी विचारलं नव्हतं. १८२८-२९च्या सुमारास डालोनेगाच्या बाजूला सोनं सापडलं आणि घाई झाली. राज्याने चेरोकींचे कायदे रद्द ठरवले, मोजणीदार पाठवले, आणि सगळा मुलूख साध्या जमिनीच्या १६० एकरांच्या आणि सोन्याच्या भागात ४० एकरांच्या चौकोनांत कापला. साधे अठरा हजारांवर, सोन्याचे पस्तीस हजार. मिलेजव्हिलला पिंपातून चिठ्ठ्या निघाल्या. तीन वर्षं राज्यात राहिलेल्या अठरा वर्षांवरच्या गोऱ्या माणसाला एक चिठ्ठी, बायको असेल तर दोन.

हे वाचताना माझे हात आपोआप हिशेब करत होते. त्यांची गुंटर साखळी ६६ फुटांची, आमची शंकू साखळी ३३ फुटांची, बरोबर निम्मी. आपला गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. सोन्याचा चौकोन एका बाजूला त्यांच्या वीस साखळ्या, आमच्या चाळीस. चाळीस चाळीस सोळाशे गुंठे, म्हणजे चाळीस एकर. मोजमाप चोख होतं. मोजणी बिनचूक असणं आणि खरी असणं यांत किती अंतर असू शकतं, हे मला माझ्या नोकरीत कुणी असं दाखवलं नव्हतं.

न्यू एकोटातलं एकच घर मूळ जागी मूळ रूपात उभं आहे, मिशनरी सॅम्युएल वुस्टरचं. पांढरं, दुमजली. राज्याच्या परवान्याशिवाय चेरोकींच्या मुलखात राहिला म्हणून जॉर्जियाने त्याला सक्तमजुरीवर पाठवलं. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च १८३२ मध्ये जिंकला : चेरोकींच्या हद्दीत जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत, असा निकाल. तरी तो जानेवारी १८३३ पर्यंत तुरुंगातच होता. बाहेर आला, आणि १८३४ मध्ये ज्याला ही जागा लॉटरीत लागली होती त्याने वुस्टरच्या कुटुंबाला घराबाहेर काढलं. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाचा निकाल त्याच्या हातात होता, समोरच्याच्या हातात पिंपातली चिठ्ठी होती. घरात कोण राहिलं ते सांगायला नको.

दुसरा दिवस, रविवार : व्हॅन यांचा वाडा, रेड क्ले

स्प्रिंग प्लेसला विटांचा एक देखणा वाडा आहे, १८०४ सालचा, चेरोकी सरदार जेम्स व्हॅन यांचा. आत निळ्या, हिरव्या, लाल, पिवळ्या रंगांत रंगवलेलं लाकूडकाम, आणि अधांतरी वाटावा असा जिना. मुलगा जोसेफ व्हॅन चेरोकींमधला सगळ्यात श्रीमंत माणूस. त्याने एक गोरा मुकादम कामावर ठेवला, तो राज्याच्या कायद्याने गुन्हा ठरला आणि १८३५ साली घर गेलं. पण घरावर दोन गोऱ्यांचा दावा होता. एक आत राहत होता, दुसरा राज्याच्या गार्डचे लोक घेऊन आला, आणि आतल्याला हुसकायला जिन्यावर पेटतं लाकूड फेकलं. व्हॅन कुटुंब त्या सगळ्याच्या मध्ये सापडलं होतं.

इथली दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. हा वाडा आणि भोवतालची शेतं ज्यांनी कसली ते आफ्रिकी गुलाम होते, जोसेफ व्हॅनकडे शंभराहून जास्त. १८३५च्या शिरगणतीत मिसिसिपीच्या पूर्वेकडच्या चेरोकी राष्ट्रात १६,५४२ चेरोकी आणि १,५९२ गुलाम नोंदलेले आहेत. पुढे ज्या वाटेवर चेरोकी चालले त्या वाटेवर हे लोकही चालले, लाकडं तोडत, सामान वाहत, आणि पोचले तिथेही गुलामच राहिले. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याही घरात अन्याय होता. मुलगी म्हणाली, "हे इतक्या उशिरा का सांगतात, बाबा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाड्यामागच्या रिकाम्या जागेवर आम्ही दोघं थोडा वेळ न बोलता उभे राहिलो.

दुपारी राज्याची हद्द ओलांडून टेनेसीत, रेड क्लेला. जॉर्जियाने चेरोकींना सभा भरवायलाच बंदी केली, म्हणून १८३२ पासून त्यांचं मंडळ हद्दीच्या जेमतेम पलीकडे इथे भरू लागलं. मध्ये एक झरा आहे, निळसर हिरवा आणि खोल, इतका नितळ की तळातली पानं मोजता यावीत. हजारो माणसं सभेला यायची आणि याच पाण्यावर राहायची. इथे ऑक्टोबर १८३५ मध्ये स्थलांतराचा करार सभेने साफ फेटाळला.

सरकारचा माणूस, श्कर्महॉर्न नावाचा पाद्री, मग न्यू एकोटाला सभा बोलावतो आणि नोटीस काढतो की जो येणार नाही त्याची संमती धरली जाईल. गैरहजर म्हणजे होकार. बहुतेक सगळे गैरहजर राहिले, मुख्य प्रमुख जॉन रॉसही. २९ डिसेंबर १८३५ला वीसेक माणसांनी सही केली : पन्नास लाख डॉलर आणि पश्चिमेची जमीन घेऊन पूर्वेची सगळी जमीन सोडली. सह्या करणाऱ्यांत चेरोकींचे मोठे पुढारी मेजर रिज होते, आणि 'फीनिक्स'चे बूडिनॉटही होते. जमीन विकणाऱ्याला देहदंड, हा चेरोकींचा कायदा रिज यांनी स्वतः अमलात आणलेला होता. आता लढून काही उरणार नाही, निदान माणसं तरी वाचवू, असं त्यांना वाटलं. मला त्यांचा राग येत नाही. पण वीस जणांची सही सोळा हजारांची कशी धरता येईल? रॉस यांनी हजारो सह्यांचा निषेध अर्ज वॉशिंग्टनला नेला. सिनेटने करार मे १८३६ मध्ये मंजूर केला; दोन तृतीयांश मतांची अट एका मताने कशीबशी पुरी झाली.

तिसरा दिवस, सोमवार : चोटा, मग ब्लाइद फेरी

मुलीने वाट थोडी वाकडी केली. "तुम्हाला एक जागा दाखवायचीय," एवढंच म्हणाली.

व्होनोरजवळ लिटल टेनेसी नदीवर मोठा जलाशय आहे. रस्ता संपतो, मग रानातून पायवाट, आणि पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या जिभेवर वर्तुळात उभे आठ दगडी खांब. सात कुळांचे सात आणि राष्ट्राचा एक. ही चोटाची जागा, अठराव्या शतकातलं चेरोकींचं मुख्य गाव. जवळच तनासी, ज्याच्या नावावरून टेनेसी हे राज्याचं नाव पडलं. १८१९च्या तहात हे खोरं गेलं. आणि १९७९च्या नोव्हेंबरमध्ये टेलिको धरणाचे दरवाजे बंद झाले तेव्हा गावांच्या जागाही पाण्याखाली गेल्या. चोटाच्या सभागृहाची जागा तेवढी भराव घालून पाण्याच्या वर ठेवली आहे. तनासीसाठी काठावर दगड आहे, गाव समोर पाण्यात. चेरोकी कोर्टात गेले होते, हरले. इथल्या गोऱ्या शेतकऱ्यांनाही उठवलं.

मी तिथे खाली बसलो. मुलीला ठाऊक होतं म्हणूनच तिने मला आणलं होतं.

१९७७ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षात, मी एका धरणाच्या बुडीत क्षेत्रात संयुक्त मोजणीला होतो. आम्ही साखळी ओढायचो, पुढे तलाठी, मागे पंच. जमीन मोजून झाली की झाडांचा पंचनामा. आंबा किती, फळता की न फळता, वय काय, घेर काय. एका आजीबाईंच्या परड्यात चिंच होती. त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंनी लावलीय, तेवढं लिवा की, दादा." मी फॉर्म उलटसुलट केला. लावणाऱ्याच्या नावाचा रकाना नव्हता. मी 'चिंच, एक, फळती' असं लिहिलं आणि पुढच्या गटाकडे गेलो. सत्तेचाळीस वर्षांत हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं, मागल्या दिवाळीत मुलीला सांगितलं.

म्हणून तिच्या गठ्ठ्यातले १८३६च्या मूल्यांकनाचे कागद मी इथे, खांबांच्या मध्ये बसून, वाचले. करारानंतर सरकारने प्रत्येक चेरोकी घराची मोजदाद केली होती. ओंडक्यांचं घर, लांबी, रुंदी. मक्याची कणगी. मांस धुरी देऊन ठेवायची खोली. मोकळं केलेलं शेत इतके एकर. सफरचंदाची झाडं इतकी, पीचची इतकी. प्रत्येक ओळीपुढे डॉलर आणि सेंट. अक्षर सुबक आहे, माझ्यासारख्याच कुणा नोकरदाराचं. मी अक्षरावरून ओळखलं की तो दमलेला नव्हता. सकाळच्या वेळी लिहिलेलं दिसत होतं.

मग चार्ल्स्टन, जिथे फोर्ट कॅस होता. २३ मे १८३८ला मुदत संपली. जनरल विनफिल्ड स्कॉट यांच्या हाताखाली सुमारे सात हजार सैनिक आले. जॉर्जियात २६ मेपासून घराघरांतून माणसं बाहेर काढली, जेवणावरून उठवली, शेतातून आणली, आणि तीनेक आठवड्यांत राज्य रिकामं केलं. त्यांना लाकडी कुडांच्या कोंडवाड्यांत, मग मोठ्या छावण्यांत ठेवलं. जूनमध्ये काही तुकड्या नदीतून बोटींनी रवाना केल्या. दुष्काळाने नद्या आटल्या, लोक वाटेत मरू लागले. रॉस यांनी विनंती केली की बाकीच्यांना पाऊस पडल्यावर जाऊ द्या आणि आमचं आम्हाला नेऊ द्या. स्कॉट यांनी मानलं. तोपर्यंत छावण्यांतच हगवण आणि गोवर पसरला होता. किती लहान मुलं त्या उन्हाळ्यात तिथेच गेली.

संध्याकाळी ब्लाइद फेरी. हिवासी नदी इथे टेनेसीला मिळते. रॉस यांनी नेमलेल्या तुकड्यांपैकी नऊ, सुमारे नऊ हजार माणसं, याच उतारावरून नदी ओलांडून गेली. आता तिथे स्मारक आहे, काळ्या दगडावर १८३५च्या शिरगणतीतल्या कुटुंबप्रमुखांची नावं. अखेर एक असा कागद, ज्यात नावं आहेत. समोरच्या बेटांवर करकोचे उतरत होते, उत्तरेकडून हिवाळ्यासाठी आलेले. अंधार पडेपर्यंत त्यांचा आवाज येत राहिला.

चौथा दिवस, मंगळवार : नॅशव्हिल

दिवसभर गाडी. वाटेत कंबरलँड पठाराचा चढ लागला. गाडीनेसुद्धा इंजिनचा आवाज बदलला, तिथे माणसं चालत होती आणि गाड्यांत फक्त आजारी, म्हातारे आणि तान्ही मुलं.

नॅशव्हिलजवळ हर्मिटेज आहे, अँड्र्यू जॅक्सन यांची हवेली. मूळ रहिवाशांना हटवण्याच्या कायद्यावर २८ मे १८३०ला सही केलेले राष्ट्राध्यक्ष. खालच्या सभागृहात तो १०२ विरुद्ध ९७ मतांनी पास झाला होता. इतकं जवळचं मतदान होतं. विरोध करणारे लोक त्या काळातही होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण 'तेव्हा सगळेच तसे होते' असं म्हणण्याची सोय नको. १८१४ साली हॉर्सशू बेंडच्या लढाईत चेरोकी जॅक्सन यांच्या बाजूने लढले होते, नदी पोहून जाऊन शत्रूच्या होड्या पळवून आणल्या होत्या. रिज यांना 'मेजर' हा हुद्दा त्याच मोहिमेत मिळाला. १८३८च्या शरदात तुकड्या नॅशव्हिलवरून गेल्या तेव्हा जॅक्सन निवृत्त होऊन याच हवेलीत राहत होते. बागेत त्यांची समाधी आहे. मी गेलो नाही. मुलगी जाऊन आली.

पाचवा दिवस, बुधवार : हॉपकिन्सव्हिल, मँटल रॉक

हॉपकिन्सव्हिलला सकाळी दोन कबरी पाहिल्या : व्हाइटपाथ आणि फ्लाय स्मिथ. दोघेही वयस्कर पुढारी, वाटेत गेले. व्हाइटपाथ १८२७ मध्ये नव्या राज्यघटनेच्याच विरोधात उभे राहिले होते, जुन्या चालीरीतींच्या बाजूने. सांगतात की त्यांच्या कबरीपाशी उंच काठीला पांढरं कापड बांधून ठेवलं होतं, म्हणजे मागून येणाऱ्या तुकड्यांना लांबून कळावं.

केंटकीच्या पश्चिम भागात मँटल रॉक. गाडी उभी केली आणि रानातून अर्धा-पाऊण मैल चाललो. पायवाट काही ठिकाणी खोलगट आहे; तीच जुनी वाट, चाकांनी आणि पायांनी खचलेली. मग समोर तो दगड येतो. वाळूच्या दगडाची नैसर्गिक कमान, १८८ फूट लांब, तीस फूट उंच, टेकडीपासून सुटून उभी. खाली कोरडी राख-रेती. ओहायो नदी गोठत होती, बर्फाचे तुकडे वाहत होते आणि नाव चालेना, म्हणून मागे राहिलेल्या एका मोठ्या तुकडीला इथे दोन आठवडे मुक्काम करावा लागला. आसरा असा एवढाच. मी कमानीखाली उभा राहून हात दगडाला लावला. दुपारचे दोन वाजले होते, ऊन होतं, अंगात जॅकेट होतं, आणि तरी तो गारवा तळहातातून कोपरापर्यंत चढला. मुलीने बॅगेतून थर्मास काढला. दोघांनी चहा घेतला. ती म्हणाली, "इथे पिववत नाहीये," पण कप संपवला.

सहावा दिवस, गुरुवार : दोन नद्यांच्या मध्ये

पदुकाच्या पुलावरून इलिनॉयमध्ये. गोल्कोंडाला ते नावेतून उतरायचे. तिथून अ‍ॅनापर्यंतचा रस्ता साधारण त्यांच्याच वाटेने जातो, पन्नास-साठ मैल, आमच्या गाडीने दीड तास. त्यांना त्या हिवाळ्यात आठवडे लागले, कारण पुढे मिसिसिपी बर्फाने अडली होती आणि मागे ओहायो. हजारो माणसं मधल्या रानात, पातळ घोंगड्यांत. अ‍ॅनाजवळ कॅम्प ग्राउंड चर्चच्या दफनभूमीत काही चेरोकी आहेत असं मानतात. त्यांच्या नावाचे दगड नाहीत. नदीपलीकडे मिसूरीत मॉकॅसिन स्प्रिंग्जला आता उद्यान आहे. कड्यावरून मिसिसिपी दिसते, रुंद, मातकट, एका बाजूला झुकून वाहणारी. जेसी बुशीहेड यांच्या तुकडीने नदी ओलांडल्यावर ३ जानेवारी १८३९ला त्यांना मुलगी झाली. नाव ठेवलं एलायझा मिसूरी.

सातवा दिवस, शुक्रवार : मिसूरी

मोठा पल्ला. वेन्सव्हिलला रूबिडू झऱ्याकाठी थांबलो, तुकड्यांचा मुक्काम तिथे पडला होता. बाकी दिवसभर शेतं, कुंपणं, सरळ रस्ते. दर मैलाला काटकोनात फाटा. १७८५च्या कायद्याने ठरवलेली जाळी ती : सहा मैलांचा चौकोन, त्यात छत्तीस तुकडे, प्रत्येक ६४० एकर. १८६२च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्याला त्यातला पाव भाग मिळायचा, १६० एकर. कितीतरी भूमिहीन माणसांची त्यावर घरं उभी राहिली, तीही माणसंच होती, कष्टाची होती. जमीन मात्र आधी कुणाकडून तरी रिकामी करून घेतलेली असायची. रात्री स्प्रिंगफिल्डला पोचेपर्यंत माझी पाठ धरली होती.

आठवा दिवस, शनिवार : टाहलेक्वा

आधी पार्क हिल. झाडीतलं लहानसं गाव. न्यू एकोटातून निघालेले वुस्टर इथे येऊन पुन्हा छापखाना चालवू लागले होते. २२ जून १८३९ला याच परिसरात बूडिनॉट यांना कुऱ्हाडी-सुऱ्यांनी मारलं. त्याच दिवशी मेजर रिज आणि त्यांचा मुलगा जॉन रिज यांनाही, वेगवेगळ्या ठिकाणी. करारावरच्या सह्यांची ती शिक्षा. मिशनच्या दफनभूमीत बूडिनॉट यांची कबर आहे, फार लांब नाही अशा दुसऱ्या दफनभूमीत जॉन रॉस यांची. रॉस यांची पत्नी क्वाटी इथवर पोचलीच नाही; लिटल रॉकपाशी गेली. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार माणसं छावण्यांत, वाटेवर आणि पोचल्यावर दगावली असं साधारण धरलं जातं.

टाहलेक्वात चौकात लाल विटांची जुनी राजधानी-इमारत आहे आणि थोड्या अंतरावर १८४४चं सर्वोच्च न्यायालय. संग्रहालयात मी पुन्हा नकाशांपाशी गेलो. इथली जमीन, 'कायमची तुमची' म्हणून दिलेली, चेरोकींनी पुन्हा सामाईकच ठेवली होती. १८९०च्या दशकात इथेही मोजणीदार आले. पश्चिमेचा चेरोकी पट्टा १६ सप्टेंबर १८९३ला बंदुकीचा बार काढून खुला केला. घोड्यांवरून, गाड्यांतून लोक धावत सुटले आणि जो आधी खुंटी ठोकेल त्याचा चौकोन. उरलेली जमीन सामाईक राहू नये म्हणून ती माणशी वाटून टाकली. प्रत्येक नाव नोंदवहीत, प्रत्येकाला सरासरी ११० एकरांच्या किमतीएवढी जमीन, आणि त्यातले काही काळ विकता न येणारे घरवाटपाचे एकर किती? चाळीस. मी आकडा दोनदा वाचला. सोन्याच्या लॉटरीचा तोच चौकोन, सत्तर वर्षांनी, शेकडो मैलांवर. विक्रीची बंदी उठली तशी बरीच जमीन हातची गेली, आणि १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं.

पण राष्ट्र संपलं नाही. आज साडेचार लाखांहून जास्त नागरिक आहेत. २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शेजारच्या क्रीक लोकांची हद्द कधी रद्द झालीच नव्हती असं ठरलं, आणि पाठोपाठ राज्याच्या कोर्टाने चेरोकींच्या हद्दीबाबत तेच मानलं. गुलामांच्या वंशजांचं नागरिकत्व नाकारणारे 'रक्ताने' हे शब्द चेरोकींच्याच सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घटनेतून काढून टाकले. व्हॅन यांच्या वाड्यामागे उभं असताना मुलीने विचारलं होतं, त्यातलं थोडं तरी मला इथे सांगता आलं.

गावातल्या रस्त्यांच्या पाट्या दोन लिप्यांत आहेत. सिक्वोयाच्या खुणा वर आभाळाखाली, ट्रकच्या धुरात, कुणीही न बघता उभ्या. एका दुकानात मुलीने चेरोकी लिपीचा तक्ता घेतला. गल्ल्यावरच्या बाई साठीच्या असतील. मी त्यांना म्हटलं, "धन्यवाद तुमच्या भाषेत कसं म्हणतात?" त्या म्हणाल्या, "वादो." मी वही पुढे केली. त्यांनी दोन खुणा काढल्या. मी त्याखाली देवनागरीत 'वादो' लिहिलं आणि बोटाने दाखवलं : तुमची एक खूण, आमचं एक अक्षर, दुसरी खूण, दुसरं अक्षर. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता तुमचं नाव सांगा, आमच्यात लिहून देते."